जुन्या मालमोटारीचा जमाखर्च

मुंबईंत मृगाच्या पहिल्या मोठ्या सरी कोसळल्या कीं हिंदमाता हें नांव घरोघर उच्चारलें जातें. एका चित्रपटगृहावरून पडलेलें हें नांव आतां एका चौकाचें, साड्यांच्या बाजाराचें आणि सांचलेल्या पाण्याचें झालें आहे. दादर व परळ यांच्यामधील हा भाग बशीसारखा खोलगट आहे. चोहोंकडचें पाणी येथें उतरतें, आणि त्याच वेळीं समुद्राला भरती असली तर त्याला बाहेर पडण्यास वाट मिळत नाहीं. अशा एखाद्या सकाळीं साड्यांचे गठ्ठे लादलेली एक जुनी पिकअप गाडी पाण्याच्या कडेला येऊन थांबते. डोक्यावरून पूल गेलेला असतो; पण पुलावरून जाऊन खालच्या दुकानांत माल उतरत नाहीं. गाडीचा मालक तोच तिचा चालक. त्याच्यापुढें प्रश्न साधा असतो. गाडी पाण्यांत घालावी कीं न घालावी? न घालावी तर दिवसाचें भाडें बुडतें. घालावी तर कदाचित् इंजिनच बुडतें.

हा प्रश्न त्या एकट्या माणसाचा नाहीं. मुंबईंत जुनें वाहन विकत घेऊन त्यावर संसार चालविणाऱ्यांची परंपरा आतां शंभर वर्षांच्या घरांत गेली आहे. गाड्यांचीं नांवें बदललीं, इंधन बदललें, कायदे बदलले. परंतु त्या परंपरेनें शिकविलेला धडा बदललेला नाहीं. जुनी गाडी घेतांना मोजलेले रुपये ही तिची किंमत नसते, तो केवळ पहिला हप्ता असतो. उरलेले हप्ते रस्ता वसूल करितो, आणि ते केव्हां मागावयाचे हें तो स्वतः ठरवितो.

मोटारी येण्यापूर्वीं मुंबईचा माल खटाऱ्यानें हालत असे. गोदींतून वखारींत, वखारींतून गिरणींत आणि गिरणींतून बाजारांत कापसाच्या व कापडाच्या गांठी बैलांच्या मानेवर जात. खटारा या शब्दाची पुढें मोठी विटंबना झाली. एके काळीं तें ओझ्याच्या भक्कम गाडीचें नांव होतें. आज खिळखिळ्या झालेल्या कोणत्याहि वाहनाला तो शब्द लावतात. परंतु खटाऱ्याच्या मालकाला एक गोष्ट पक्की ठाऊक असे. गाडी जुंपलेली असो वा नसो, बैलाला रोज वैरण लागते. तो उपाशी राहिला तर डोळ्यांना दिसतो. मोटारीची भूक अशी दिसत नाहीं. टाकींत पेट्रोल अगर डिझेल ओतलें कीं ती पोटभर जेवली असें वाटतें. प्रत्यक्षांत त्याच फेरींत ती थोडे टायर खाते, ब्रेकचे पट्टे खाते, क्लचची तबकडी खाते, बेअरिंगें खाते. त्यांचें बिल रोज येत नाहीं. वर्षा-दीड वर्षानें एकदम येतें. जुन्या गाडीच्या धंद्यांत जे बुडाले, ते बहुधा या उशिरा येणाऱ्या बिलाखालीं बुडाले.

15 जुलै 1926 रोजीं अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर मुंबईंतील पहिली सार्वजनिक मोटारबस धांवली. दोनच वर्षांनीं, 1928 सालीं, परळहून फार दूर नसलेल्या शिवडीस जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. पुढें फोर्ड कंपनीनेंहि मुंबईंत असेंच काम सुरू केलें. परदेशांतून सुटे भाग पेट्यांत भरून येत आणि येथें जोडले जात. मालमोटारीचा सांगाडा, इंजिन आणि चाकें कारखान्यांतून येत. चालकाची केबिन व मागचा लांकडी हौदा पुष्कळदां स्थानिक सुतार-लोहार बांधून देत. त्यामुळें मोटार ही जादूची पेटी राहिली नाहीं. जी वस्तु डोळ्यांदेखत जोडली जाते, ती मोडल्यावर पुन्हां जोडण्याचें भय माणसाला वाटत नाहीं. मुंबईच्या मिस्त्रीचा आत्मविश्वास येथें जन्मास आला.

त्याची खरी परीक्षा महायुद्धानें घेतली. पेट्रोलवर नियंत्रण आलें तेव्हां अनेक बसगाड्यांना व लॉऱ्यांना कोळशाच्या वायूच्या भट्ट्या बसविण्यांत आल्या. त्या वायूनें इंजिन चाले खरें. पण राख आणि डांबराचा अंश सिलिंडरांत पोंचला कीं त्यांची झीज भराभर होई. 1945 सालीं युद्ध संपलें आणि लष्करानें टाकून दिलेलीं वाहनें बाजारांत आलीं. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द तेव्हां शहरांत सर्वतोमुखीं झाला. पाव टनी जीप, पाऊण टनी डॉज, कॅनडांत बनलेल्या आंखूड नाकाच्या फोर्ड व शेव्हरलेट लॉऱ्या असा हा परिवार होता. आजची पिकअप ज्यांच्या वंशांतली, त्या गाड्या ह्याच.

डिस्पोजलच्या गाड्या दणकट होत्या. परंतु त्या बाजारासाठीं नव्हे, रणांगणासाठीं बांधलेल्या होत्या. पुष्कळ गाड्यांचीं सर्व चाकें इंजिनाच्या जोरानें फिरत. म्हणून त्यांत सांधे अधिक, वंगण अधिक, पेट्रोल अधिक, आणि बिघडण्याच्या जागाहि अधिक. विलिज जीपची वीज सहा व्होल्टांची. पावसाळ्यांत ओलसर झालेल्या तारा आणि थकलेली बॅटरी यांची गांठ पडली कीं सकाळीं इंजिन सुरू होणें दैवाधीन होई. शिवाय लिलांवांतील गाडीला पूर्वेतिहास नसतो. ती ब्रह्मदेशाच्या चिखलांतून आली कीं देवळालीच्या छावणींत उभ्या उभ्या म्हातारी झाली, हें रंगविलेला पत्रा सांगत नाहीं. स्वस्त मिळालेल्या लॉरीला पहिल्याच वर्षीं तिच्या किंमतीएवढा खर्च आला म्हणजे ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ या म्हणीचा अर्थ नव्या मालकाला नव्यानें कळे.

यानंतर आठ वर्षांनीं एक वेगळीच अडचण उभी राहिली. 1953 सालीं केंद्र सरकारनें असें धोरण ठरविलें कीं, ज्यांच्याजवळ देशांतच भाग बनविण्याची योजना आहे त्यांनींच येथें मोटारी काढाव्या. जनरल मोटर्स व फोर्ड या दोघांनीं आपलें जोडकाम आवरतें घेतलें. कुर्ल्यास प्रीमियरचा कारखाना होताच, आणि 1954 पासून जमशेदपुराहून टाटा-मर्सिडीझ-बेंझ मालमोटारी निघूं लागल्या. राष्ट्राच्या उद्योगाला तें धोरण उपकारक ठरलें. परंतु रस्त्यावर धांवणाऱ्या जुन्या शेव्हरलेट-फोर्ड गाड्या एका अर्थीं पोरक्या झाल्या. त्यांचे भाग मिळविण्याचा मार्ग म्हणजे त्यांच्याच मेलेल्या भावंडांचीं हाडें. कुर्ल्याचें भंगार आणि चोरबाजार हीं त्या गाड्यांचीं रुग्णालयें बनलीं. गिरणगांवांत लेथवर हात बसलेल्या कारागिरांची वाण नव्हती. झिजलेल्या सिलिंडरांत नवा लायनर ठोकावा, एका गाडीचा ॲक्सल दुसरीला बसवावा, पेट्रोलचें इंजिन काढून त्याजागीं पर्किन्सचें डिझेल इंजिन चढवावें, असे प्रयोग सर्रास होत.

या कारागिरीचें कौतुक करावें तितकें थोडें. तरी तिची दुसरी बाजूहि ध्यानांत घेतली पाहिजे. तीन गाड्यांचे अवयव एकत्र करून चालती केलेली गाडी ज्या मिस्त्रीनें जोडली, त्याच्याच डोक्यांत तिचा नकाशा असतो. गाडी विकली जाते तेव्हां मिस्त्री विकला जात नाहीं. नव्या मालकाच्या हातीं चालतें यंत्र येतें. पण त्याची किल्ली म्हणजे त्याची माहिती, ती मागेंच राहते. आजहि जुनी गाडी घेतांना तिच्या पूर्वीच्या दुरुस्तींचीं बिलें मागून घ्यावींत असें जाणते लोक सांगतात, त्याचें मूळ येथें आहे.

1958 सालीं बजाज टेंपो कंपनीनें जर्मन सहकार्यानें तीन चाकांची हान्सिआट ही लहान मालगाडी काढली. अरुंद गल्ल्यांतून वळणारी आणि किंमतीनें आटोक्यांतली अशी ती गाडी असल्यामुळें एका कंपनीचें नांव भाषेंतच रुजलें; लहान मालमोटार कोणाचीहि असो, मराठी माणूस तिला टेंपोच म्हणतो. तिच्या टू-स्ट्रोक इंजिनांत पेट्रोलमध्येंच वंगण मिसळावें लागे. वंगणांत चार पैसे वाचविणारा मालक लौकरच जाम झालेला पिस्टन घेऊन मिस्त्रीच्या दारीं उभा राही. 1969 सालीं त्याच कंपनीची मॅटाडोर आली आणि चार चाकांवरचा लहान व्यापार वाढला. नवीं वाहनें मागणीच्या मानानें थोडीं निघत. त्यामुळें जुन्या वाहनाला चांगला भाव येई, आणि ग्राहक त्याच्या प्रकृतीकडे फार चिकित्सेनें पाहूं शकत नसे.

अशा काळांत 18 जानेवारी 1982 रोजीं मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले. संप रीतसर मिटला असें कधीं झालेंच नाहीं. गिरण्यांमागून गिरण्या बंद पडत गेल्या. लालबाग-परळच्या चाळींतून बाहेर पडलेल्या माणसांपैकीं कोणी भाजी विकूं लागला, कोणी पहारेकरी झाला, कोणी रिक्षा अगर टेंपो चालवूं लागला. पुढें देणीं चुकतीं झालीं तेव्हां कित्येकांच्या हातीं आयुष्यांत प्रथमच एकरकमी पैसा पडला. अशा पैशांतून घेतलेलें जुनें वाहन हें हौसेचें वाहन नव्हे. त्यांत पंचवीस-तीस वर्षांच्या दिवसपाळ्या आणि रात्रपाळ्या सांठलेल्या असतात. तें फसवें निघालें तर नुसती गाडी बंद पडत नाहीं. मुलाचें शिक्षण, मुलीचें लग्न आणि गांवच्या घराचें छप्पर हीं सगळीं एकदम थांबतात. जुन्या गाडीच्या बिघाडांचा विचार इतक्या गांभीर्यानें करावयाचा तो याचसाठीं.

1988 सालीं टाटामोबाईल ही पिकअप आली, आणि तेव्हांपासून उघड्या हौद्याच्या लहान मोटारींचा वर्ग वाढत गेला. 2005 च्या मे महिन्यांत टाटांची ‘एस’ निघाली. दोन सिलिंडरांच्या, सुमारें 700 घनसेंटिमीटरच्या डिझेल इंजिनावर पाऊण टन ओझें वाहणाऱ्या या गाडीला लोकांनीं ‘छोटा हाथी’ हें नांव दिलें. नांव लाडकें आहे. पण हत्ती लहान असला तरी तो पोसावा लागतोच.

या वर्गांतल्या जुन्या गाडीची नाडी कशी पहावी, हें मुंबईचे जाणते चालक सांगतात तें असें. इंजिन थंड असतांना तें सुरू करून पहावें. विकणाऱ्यानें तें आधींच तापवून ठेवलें असेल तर बॉनेटला हात लावतांच कळतें, आणि त्यामागचा हेतूहि कळतो. धुराचा रंग हा इंजिनाचा कबुलीजबाब होय. निळसर धूर म्हणजे वंगण जळत आहे. पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्हच्या बाह्या किंवा टर्बोचे सील झिजले आहेत. काळा धूर म्हणजे डिझेल फार आणि हवा थोडी. हवेचा फिल्टर चोंदला आहे किंवा इंजेक्टर बिघडले आहेत. इंजिन तापल्यावरहि पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल, तर हेडखालचें गॅस्किट फुटल्याचा संशय घ्यावा. वंगण ओतण्याचें झांकण उघडल्यावर आंतून धुराचे लोट बाहेर येत असतील, तर सिलिंडरांतला दाब खालीं निसटत आहे आणि इंजिन उघडण्याचा दिवस जवळ आला आहे.

क्लच हा मुंबईच्या रस्त्यांचा पहिला बळी. दर शंभर पावलांवर थांबणारी गाडी अर्ध्या क्लचवर सरकवीत नेली कीं तबकडी घासत जाते. अनंत चतुर्दशीस लालबागहून गिरगांव चौपाटीकडे मूर्ति घेऊन निघालेल्या गाड्या तासन् तास माणसाच्या पावलानें चालतात. त्या भक्तीचा भार क्लच आणि रेडिएटर यांच्यावर पडतो. वरच्या गिअरमध्यें ॲक्सिलरेटर दाबला असतां इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाहीं, अशी स्थिति असेल तर क्लच संपलेला आहे असें समजावें. गाडी सुटतांना खालून ‘टक्’ असा आवाज आला तर प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस झिजलेले असतात.

मागच्या स्प्रिंगांचे पाटे मोजून पहावे. कारखान्यानें दिले त्याहून अधिक पाटे घातलेले दिसले तर पूर्वीच्या मालकानें ठरलेल्या मर्यादेपेक्षां अधिक ओझें वाहिलें, हें विचारल्याशिवाय कळतें. अशा गाडीचा सांगाडा स्प्रिंगांच्या जोडाजवळ नीट पहावा. तेथें नवें वेल्डिंग किंवा ताजा रंग असणें हें शुभचिन्ह नव्हे. पुढचे टायर एकाच कडेनें झिजले असतील तर दोष टायरांत नसून सुकाणूच्या सांध्यांत किंवा चाकांच्या रेषेंत असतो. नवे टायर घातले तरी ते त्याच वाटेनें जातात. ब्रेकची खरी परीक्षा बोरघाटांत होते. ज्या गिअरमध्यें घाट चढावा त्याच गिअरमध्यें तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम शास्त्रशुद्ध आहे. उतरणीवर इंजिनानें गाडी रोखून धरली नाहीं तर ब्रेकचे ड्रम तापतात, पट्ट्यांची पकड सुटते आणि पाय खालपर्यंत दाबूनहि गाडी थांबत नाहीं. याशिवाय समुद्राची खारी हवा आहेच. ती पायाखालच्या पत्र्यांतून आणि केबिनच्या कोपऱ्यांतून गाडी आंतून खाते.

नव्या युगाच्या गाड्यांनीं या यादींत भर घातली आहे. एप्रिल 2020 पासून भारत-स्टेज 6 हे धूरनियम लागू झाले, आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गांत काजळी अडविणारे फिल्टर आले. सांठलेली काजळी जाळण्यास कांहीं काळ सलग उष्णता लागते. चार-चार मैलांच्या थांबत-थांबत फेऱ्या करणाऱ्या गाडीला ती मिळत नाहीं आणि फिल्टर तुंबतो. हवेच्या शुद्धीसाठीं हे नियम आवश्यक आहेत यांत शंका नाहीं. परंतु ज्या मिस्त्रीचें निदान कानावर आणि बोटांवर चालत असे, त्याला आतां संगणकाच्या पडद्याचें साह्य घ्यावें लागतें, आणि त्याचें मोल मालकाच्या हिशेबांत येऊन बसतें.

आतां पुन्हां हिंदमात्याच्या पाण्याकडे. 2016 सालीं रे रोडच्या बाजूस ब्रिटानिया हें पाणी उपसण्याचें केंद्र सुरू झालें. तरी 29 ऑगस्ट 2017 च्या पावसांत परळ-दादरचे रस्ते पाण्याखालीं गेलेच. 2021 पासून जवळच्या मैदानांखालीं पावसाचें पाणी सांठविण्याच्या टाक्या करण्यांत आल्या. उपाय झाले आहेत. पण बशीचा आकार तोच आहे. म्हणून पाणी गाडीला काय करतें, हें येथल्या प्रत्येक मालकाला ठाऊक असावें लागतें.

पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलें कीं बेअरिंगांतील ग्रीस धुऊन जाऊं लागतें आणि ब्रेकचे पट्टे भिजतात. धांवून तापलेला मागचा ॲक्सल एकाएकीं गार पाण्यांत बुडाला म्हणजे त्याच्या आंतील हवा आकुंचन पावते आणि श्वासाच्या भोंकांतून पाणी आंत ओढलें जातें. गाडी मजेंत चालत राहते. पण आंतलें वंगण दुधासारखें झालेलें असतें, आणि कांहीं महिन्यांनीं दांतेरी चक्रें ओरडूं लागतात. त्याहून मोठें संकट हवेच्या नळीवाटे येतें. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. सिलिंडरांत पाणी शिरलें आणि पिस्टन वर आला कीं त्याचा दांडा वांकतो किंवा तुटतो. म्हणून पाण्यांत बंद पडलेली गाडी सेल्फ मारून सुरू करण्याचा हट्ट कधींहि धरूं नये. ती ढकलून कोरड्या जागीं आणावी आणि मिस्त्रीनें उघडून पाहिल्यावरच इंजिन फिरवावें. साध्या विम्यांत इंजिनाचें असें नुकसान बहुधा भरून मिळत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें.

26 जुलै 2005 रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि उपनगरांत असंख्य वाहनें बुडालीं. बुडालेली गाडी पुसून, रंगवून पुन्हां विकतां येते. ती ओळखण्याच्या खुणा मात्र पुसणें कठीण असतें. आसनांच्या खालच्या पट्ट्यांवरचा गंज, डॅशबोर्डच्या मागें सांचलेला बारीक गाळ, दिव्यांच्या कांचेंतील ओलसर रेषा आणि दारें बंद ठेवल्यावर येणारा कोंदट वास या चार साक्षीदारांची जबानी घेतल्याशिवाय मुंबईंत जुनी गाडी घेऊं नये.

आतां हिशेब. रीत समजण्यापुरता एक काल्पनिक मालक घ्यावा. समजा, त्यानें 3,00,000 रुपयांस जुनी पिकअप घेतली आणि चार वर्षांनीं ती 1,20,000 रुपयांस विकली. घट 1,80,000 रुपयांची, म्हणजे 48 महिन्यांत दरमहा 3,750 रुपये. टायरांचा एक संच 30,000 रुपयांचा आणि तो 40,000 किलोमीटर टिकतो असें धरलें, तर किलोमीटरमागें 75 पैसे झाले. इंजिन उघडण्याचा खर्च 60,000 रुपये आणि तो 60,000 किलोमीटरांनीं येणार असें मानलें, तर किलोमीटरमागें 1 रुपया. महिन्याला गाडी 1,500 किलोमीटर धांवली तर टायरांचे 1,125 आणि इंजिनाचे 1,500 रुपये होतात. तिन्हींची बेरीज 6,375 रुपये. यांत डिझेल नाहीं, विमा नाहीं, कर नाहीं, ब्रेक-क्लच नाहींत, कर्जाचें व्याज नाहीं, आणि गाडी गॅरेजांत उभी असतांना बुडालेलीं भाडींहि नाहींत. हे 6,375 रुपये त्या महिन्यांत कोणी मागावयास येत नाहीं. म्हणूनच ते नफ्यासारखे दिसतात, घरांत खर्च होतात, आणि ज्या दिवशीं इंजिन ते मागतें त्या दिवशीं सावकाराकडून आणावे लागतात.

यंत्राइतकीच कागदांची प्रकृति पाहणें आवश्यक आहे. मोटारीनें दुसऱ्यास अपाय झाल्यास भरपाईसाठीं विमा सक्तीचा असावा, हें तत्त्व 1939 च्या मोटार कायद्यांत होतें, आणि तो भाग 1 जुलै 1946 पासून अंमलांत आला. 1988 च्या कायद्यांतहि तें कायम आहे. त्याच कायद्याप्रमाणें राज्यांतल्या राज्यांत गाडी विकली तर विकणाऱ्यानें 14 दिवसांत आणि घेणाऱ्यानें 30 दिवसांत नोंदणी कार्यालयास कळवावयाचें असतें. विमाहि आपल्या नांवें करून घेण्यासाठीं घेणाऱ्यानें 14 दिवसांत अर्ज करावयाचा असतो. हे दिवस टाळणें हा मोठा धोका आहे. नोंदणींत ज्याचें नांव आहे तोच भरपाईच्या दृष्टीनें मालक, असें सर्वोच्च न्यायालयानें 2018 सालीं स्पष्ट केलें आहे. म्हणजे गाडी विकून मोकळा झालेला माणूस कागदोपत्रीं मोकळा झालेला नसतो. पूर्वीचें कर्ज फिटलें कीं नाहीं, दंडाच्या पावत्या थकल्या आहेत काय, पासिंग केव्हांपर्यंत आहे, हें सर्व पैसे देण्यापूर्वीं पहावें. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दोन वर्षांनीं होतें, त्यानंतर दरवर्षीं. वय वाढलेल्या माणसाप्रमाणें वय वाढलेल्या गाडीलाहि वैद्याचें तोंड वारंवार पहावें लागतें.

इतकें सगळें ऐकून जुनी गाडी घेऊंच नये असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो इतिहासाला धरून होणार नाहीं. डिस्पोजलच्या लॉऱ्यांनीं युद्धानंतरच्या टंचाईंत माल हालविला. पोरक्या शेव्हरलेटींनीं मिस्त्रींच्या दोन पिढ्या पोसल्या. जुन्या टेंपोनें गिरणी सुटलेल्या माणसाला पुन्हां पायांवर उभें केलें. जुनी गाडी हें गरिबाच्या हातीं लागणारें पहिलें भांडवल आहे. मात्र जे तरले ते दैवानें तरले नाहींत. बैलाची वैरण जशी रोज काढून ठेवावयाची, तसे प्रत्येक फेरीमागें कांहीं रुपये त्यांनीं गाडीच्या नांवानें बाजूला टाकले, आणि त्या रुपयांना घरच्या अडीअडचणींतहि हात लावला नाहीं.

हिंदमात्याच्या पाण्याशीं थांबलेल्या त्या चालकाच्या निर्णयाचें रहस्यहि यांतच आहे. पाणी किती खोल आहे, एवढ्यावरच तो निर्णय ठरत नाहीं. ज्याच्या डब्यांत गाडीचे रुपये जमलेले आहेत, तो इंजिन बंद करून, ताडपत्री नीट ओढून, शेजारच्या हॉटेलांत चहा घेत पाणी ओसरण्याची वाट पाहतो. एका दिवसाचें भाडें बुडालें तर तें त्याला सोसतें. ज्याचा डबा रिकामा आहे, त्याला तेंच पाणी उथळ वाटूं लागतें, आणि तो गाडी आंत घालतो. गाडीसाठीं राखून ठेवलेला पैसा केवळ दुरुस्तीच्या कामाचा नसतो. थांबण्याचें सामर्थ्य तोच पैसा देतो. आणि जो थांबूं शकतो, त्याचीच गाडी दुसऱ्या दिवशीं सकाळीं सुरू होते.